वहीतलं नाव

दसरा झाला की पाथर्डीकडची गावं रिकामी व्हायला लागतात. मोहटादेवीला नारळ फोडायचा, म्हातारी माणसं घराला ठेवायची, ट्रॉलीत पत्रे, भांडी आणि बाजरीची पोती रचायची आणि सांगली-कोल्हापूरची वाट धरायची. मी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. कारखान्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणायची, कोयते बांधायचे आणि हंगाम संपेपर्यंत टोळी सांभाळायची, हे माझं काम. आमच्यात कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडीसुद्धा.

मुकादमाचं नाव बदनाम आहे, ते उगाच नाही. उचल फिटत का नाही, हे मजुराला कळतच नाही, कारण हिशोब मुकादमाच्या पिशवीत असतो. पहिली काही वर्षं माझीही वही पिशवीतच असायची. एका बाजारच्या दिवशी खर्ची वाटताना टोळीतली एक बाई म्हणाली, "मामा, मोळ्या मी बांधते, डोक्यावरून गाडीत मी चढवते. मग वहीत माझं नाव कुठंय?"

नव्हतंच. मी मान खाली घातली.

तेव्हापासून एका पानावर दोघांची नावं, खाली पोरांची. किती टन भरले, खर्ची किती नेली, खाडा कशामुळं पडला, दवाखान्याला किती गेले, सगळं तिथंच. बाजारच्या आदल्या रात्री कोप्यांसमोर, म्हणजे आमच्या झोपड्यांसमोर, मोठ्यानं वाचायचं. चुकलं तर सगळ्यांदेखत खोडायचं, पण खालचा आकडा दिसला पाहिजे.

24 मार्च 2020 च्या रात्री लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही सांगलीकडं होतो. बाजार बंद, रस्ते बंद, ऊस मात्र फडात उभा. फोनवर अफवांना ऊत आलेला. तरणी पोरं म्हणाली, "मुकादम, रातोरात चालत निघू." उचलीचा धाक घालणं सोपं होतं. पण घातला असता, तर पहाटे निम्म्या कोप्या रिकाम्या सापडल्या असत्या.

मी वही काढली आणि विचारलं, कुणाकडं किती पीठ आहे? एकेक जण सांगत गेला. एकीनं तर डब्याचं झाकण उघडून आतलं दाखवलं. कुणी लपवलं नाही. त्या रात्री मला थोडी झोप लागली.

मग दिवस बांधून घेतला. पहाटे आणि रात्री माणसं मोजायची. किराण्याला दोघांनीच जायचं. संध्याकाळी सातला गावच्या सरपंचांना फोन, स्पीकर लावून, सगळ्यांसमोर. ज्या दिवशी काहीच कळलं नाही, त्या दिवशी तेवढंच सांगायचो. ते सांगणं फार जड जायचं.

एप्रिलच्या मध्याला सरकारनं ऊसतोड मजुरांना तपासणी करून गावी सोडायचं ठरवलं. 38 कारखान्यांवर अडकलेली सुमारे 1 लाख 31 हजार माणसं होती. याद्या मागितल्या गेल्या. माझी यादी वहीतून तासाभरात उतरली. जानेवारीत कोपीतच जन्मलेली पोरगीही तिच्यात होती.

गावात आल्यावर आम्ही वेगळे, रानात राहिलो. म्हातारी माणसं बांधावर भाकरी ठेवून लांब उभी राहायची, नातवंडांना तिथूनच हाका मारायची. तिथंच एका संध्याकाळी मी हंगामाचा शेवटचा हिशोब वाचला. तीन कोयत्यांच्या अंगावर उचल राहिली होती. तेही मोठ्यानंच वाचलं.