चिलखताचे माप

चिलखत घातलेल्या माणसाला बसता येत नाही, ही गोष्ट इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलेली नाही. ती आम्हाला आमच्याच बाहेरच्या खोलीत कळली. चिलखत मात्र इतिहासातले नव्हते. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या पांढऱ्या शिपायाचे होते, आणि ते घालून ह्यांनी दिवाळीत सोसायटीच्या किल्ल्यापाशी पहारा करावा, असा चिरंजिवांचा हट्ट होता. शिवरायांच्या किल्ल्यावर परग्रहावरचा पहारेकरी! मला हसूच आले. पण त्यासाठी ह्यांनी चार महिन्यांनी प्रथमच पेटीतून व्हर्नियर काढला, तेव्हा मी हसू गिळले.

हे डाय-फिटर. भोसरीच्या एका कारखान्यात चोवीस वर्षे काढली. चैत्रात तिथली टूलरूम बंद झाली, आणि हे घरी आले ते खिडकीशीच बसले.

मूळ चिलखत प्लास्टिकचे. तापवून मऊ केलेला तक्ता साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, की तो साच्याला बिलगतो. आमच्या पट्ट्यात ही विद्या नवी नाही; गाड्यांचे सुटे भाग ठेवायचे ट्रे असेच काढतात. पण असले यंत्र घरात कुठून आणणार? म्हणून ईव्हीए फोम घ्यायचे ठरले. गाडीच्या भागांना ओरखडा पडू नये म्हणून खोक्यांत घालतात, तोच. एरवी असल्या तुकड्यांसाठी हे कुदळवाडी धुंडाळते. पण तिथली भंगाराची गोदामे २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली. तेव्हा दुकानातून कोरा तक्ता आणला, आणि पैसे माझ्या डब्यातले गेले.

खांद्याच्या वाटीवरून आमचे वाजले. ह्यांचे म्हणणे, डाय मारली की पत्रा बसतो. मी म्हटले, “हा पत्रा नव्हे. सपाट कापडाला गोलाई आणायची तर टक्स घ्यावे लागतात.” आणि माझ्या कटोरी ब्लाउजचे कागदी बेतणे पुढे टाकले. ह्यांनी ते उलटसुलट करून पुष्कळ वेळ पाहिले.

“ह्याचं ड्रॉइंग कुठं असतं?”

“नसतं. हातात असतं.”

त्या दिवसापासून कापणे माझ्याकडे आणि तापवणे ह्यांच्याकडे आले.

माप घ्यायला मी टेप लावली तेव्हा छाती ३५ इंच भरली. गेल्या दिवाळीत शिंप्याच्या चिठ्ठीवर ३८ होते. मी काही बोलले नाही. छातीची ढाल ३८ चीच बेतली.

फोम जोडायचा तर दोन्ही कडांना फेविबाँड लावायचा, तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा मिनिटे थांबायचे आणि मग एकदाच दाबायचे. संसारात ह्या दहा मिनिटांइतकी स्वस्त चैन मी दुसरी पाहिली नाही. हात अडकलेले; उठता येत नाही, पेपर उघडता येत नाही. मग माणूस बोलतो. चोवीस वर्षे ज्या ब्रॅकेटच्या डाय केल्या तो गाडीत नक्की कुठे बसतो, हे ह्यांनी कधी पाहिलेच नव्हते. शेवटच्या दिवशी स्वतःची कानस ड्रॉवरमध्येच राहिली. ती मागायला फाटकावर जावे की नाही, हा विचार चार महिने चालला होता.

चिरंजिवांनी मध्येच एक बातमी वाचून दाखवली. त्या चित्रपटासाठी शिरस्त्राणे काढून देणारा इंग्रज कारागीर अँड्र्यू आइन्सवर्थ पुढे स्वतःच ती विकू लागला, आणि लुकासफिल्मने त्याला कोर्टात खेचले. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की हे शिरस्त्राण शिल्प नव्हे, चित्रपट घडवताना उपयोगी पडलेली वस्तू आहे. मला त्या कारागिराचे वाईट वाटले. हे मात्र खुलले. “कामाची वस्तू म्हणाले ना? मग मानच दिला की!”

फोम रंग पितो, म्हणून आधी फेविकॉलचे चार हात दिले, मग पांढरा रंग. काल अंगावर चढवून पाहिले.

“छातीत सैल होतंय गं.”

“असू दे. फराळ व्हायचाय अजून.”

डोक्यावर शिरस्त्राण होते. आतून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. चहा मात्र मी नळीने पाजला.

गुडघ्याच्या वाटीची कड अजून जाड आहे. घरातल्या पॉलिश पेपरने ती नीट उतरत नाही. सोमवारी हे फाटकावर जाऊन कानस मागून आणणार आहेत.