आवक-जावक

खरं सांगू? आयपीएल सुरू झालं की मला मॅचपेक्षा जास्त इंटरेस्ट असतो तो टीममध्ये कोण आलं आणि कोण गेलं यात. ऑफिसातली मंडळी फँटसी टीम लावण्यात गुंग असतात, आणि मी एका लाल कापडी वहीत नोंदी करत बसतो. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. ‘अरे, निदान एक्सेल तरी वापर!’ असं शेजारच्या क्युबिकलमधून दरवर्षी ऐकू येतं. पण एक्सेलला हळदीचा वास थोडाच येतो?

बाबा हिंगोलीच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम. उन्हाळा आला की मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगा, पिवळी पोती, हळदीचं बीट... आणि नेमका तोच आयपीएलचा सीझन! 2011 सालची गोष्ट. सातवीची परीक्षा संपली होती आणि बाबांनी दुकानातली एक कोरी वही मला देऊन टाकली होती. पेपरात कोपऱ्यात छापलेल्या बारीक बातम्या मी तिच्यात उतरवून घ्यायचो. कोण जखमी झालं, त्याच्या जागी कोण आलं.

‘‘काय लिहायलास रे?’’ बाबांनी एकदा विचारलं.

‘‘ख्रिस गेल बेंगलोरकडून खेळायलाय, बाबा. लिलावात त्याला कुणीच घेतलं नव्हतं!’’

बाबांनी चष्मा लावून वही पाहिली. ‘‘आवक लिहिलीस. जावक कुठंय? हा आत आला म्हणजे कुणीतरी बाहेर गेला आसंल की. नुसत्या आवकेवर हिशोब लागत नसतो बाळा.’’

मग शोधाशोध केली. जाणारा होता डर्क नॅनस, ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर. दुखापतीमुळे बाहेर. त्याच्या जागी आलेल्या गेलने 22 एप्रिलला ईडन गार्डन्सवर, म्हणजे ज्या कोलकात्याने त्याला सोडलं होतं त्यांच्याच घरी, 55 बॉल्समध्ये नाबाद 102 ठोकले. सीझनअखेर 608 रन्स आणि ऑरेंज कॅप. गेल सगळ्यांना आठवतो. नॅनस? तो माझ्या वहीत आहे.

तेव्हापासून नाद लागला तो लागलाच. 2022 मध्ये रजत पाटीदार असाच मागच्या दाराने आला आणि एलिमिनेटरमध्ये 54 बॉल्समध्ये नाबाद 112 करून गेला. 2025 मध्ये तर त्याच्याच कॅप्टन्सीखाली आरसीबीने कप उचलला! पण 2022 मध्ये तो लवनीत सिसोदियाच्या जागी आला होता, हे किती जणांना सांगता येईल? पैज लावा, उत्तर येणार नाही.

या खेळाचे नियमही मजेशीर. बदली खेळाडूला जाणाऱ्यापेक्षा जास्त पैसे देता येत नाहीत. 2025 मध्ये बदली घेण्याची मुदत सातव्या मॅचवरून बाराव्या मॅचपर्यंत वाढवली. त्याच वर्षी 9 मे रोजी स्पर्धा थांबली आणि 17 तारखेला पुन्हा सुरू झाली, तेव्हा ‘तात्पुरते’ बदली खेळाडू आले. पुढच्या वर्षी त्यांना टीममध्ये कायम ठेवता येणार नाही, या अटीवर. थोडक्यात काय, कॉन्ट्रॅक्टवरची पोरं!

आमच्या अमेरिकन क्लाएंटकडचा एक मॅनेजर बेसबॉलवेडा आहे. त्याला माझी वही कॅमेऱ्यात दाखवली तर तो खूश. त्यांच्याकडे 162 मॅचेसचा सीझन, 26 जणांची टीम आणि जवळजवळ रोज कुणीतरी आत, कुणीतरी बाहेर. हात दुखावलेला बॅटर निदान 10 दिवसांसाठी जखमींच्या यादीत जातो, त्याची जागा दुसऱ्याला मिळते आणि बरा झाला की तो परत येतो. आपल्याकडे बदली आला की जाणाऱ्याचा तो सीझन संपला.

वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान मात्र 2025 च्या एप्रिलचं आहे. गुवाहाटीत कल्याणच्या तुषार देशपांडेचा बॉल पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या हातावर बसला. कोपर फ्रॅक्चर. चेन्नईचा कॅप्टन सीझनमधून बाहेर आणि त्याच्या जागी विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे. वानखेडेवर पदार्पण, 15 बॉल्समध्ये 32. एकाच पानावर एकाचं स्वप्न उघडतं आणि दुसऱ्याचं मिटतं.

हे सगळं मला कधी कळलं, सांगू? स्वतः बेंचवर बसल्यावर! आयटीतल्यांना बेंच म्हणजे काय ते सांगायला नको. तीन महिने प्रोजेक्ट नाही. एचआरचा मेल दिसला की पोटात गोळा. घरी फोनवर मात्र ‘‘मस्त चाललंय बाबा.’’ आणि एक दिवस बोलावणं आलं. इमिजिएट रिप्लेसमेंट हवी होती. प्रोजेक्टमधल्या एकाला बाइकचा अपघात झाला होता, पायात रॉड घातला होता. आणि मी? मी जिन्यात जाऊन चक्क नाचलो.

रात्री गंमत म्हणून वही उघडली. डावीकडे लिहिलं, ‘मी’. उजवीकडे पेन अडकलं. मला त्याचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नंबर मिळवून फोन केला. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. तोच म्हणाला, ‘‘प्रोजेक्टमधून आलेला तुझा पहिलाच फोन, यार.’’ मग अर्धा तास त्याने मला कोड समजावला. कुठली फाइल उघडायची, कुठल्या फाइलला चुकूनही हात लावायचा नाही. हॉस्पिटलच्या कॉटवरून!

पाच महिन्यांनी तो परत आला, पण दुसऱ्या प्रोजेक्टवर. आता आमचा चहा एकत्र असतो. त्याचं नाव वहीत उजवीकडे आहे आणि काही पानांनंतर डावीकडेही आहे.

बेंचचं प्रकरण बाबांना नंतर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. क्रिकेटमधलं त्यांना आजही फारसं कळत नाही. पण आयपीएलच्या दिवसांत हिंगोलीहून फोन आला की स्कोअर विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो.

‘‘काय रे, आज जावक कोण?’’