सरांचा एक जीबीचा पूल

स्टोरेजचं काम मी हाती घेतलं तेव्हा डीएफ कमांडनं दाखवलेला आकडा माझ्यासाठी ब्रह्मवाक्य होता. मोकळी जागा ८ जीबी, म्हणजे ८ जीबी. त्याच्याही खाली आणखी कुणी हिशेब ठेवत असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ते ज्यांनी दाखवलं, त्या सरांचं देणं माझ्यावर आहे.

व्याख्यान देणं हा त्यांचा स्वभावच नव्हे. लॅपटॉपवर त्यांनी १ जीबीचा थिन पूल, म्हणजे लागेल तशीच जागा देणारा साठा, केला, त्यावर १० जीबीचा व्हॉल्यूम, त्यावर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम. आणि मला दीड जीबीची फाइल कॉपी करायला सांगितली. कॉपी बिनतक्रार झाली. डीएफच्या मते अजून भरपूर जागा होती. पूलचा हिशेब दाखवणाऱ्या एलव्हीएस कमांडमध्ये मात्र तो थोड्याच वेळात १०० टक्के भरलेला दिसला.

"अगं, चेक हातात आलाय. वटलाय कुठे?" सर म्हणाले.

फाइलचा बराच भाग मेमरीतच होता. फाइलसिस्टिम आपल्या नोंदी पाहून 'हो' म्हणून मोकळी झाली होती. नकार आला तो डिस्कवर उतरवताना, आणि तोवर कॉपी करणारा प्रोग्राम निघूनही गेला होता. एफसिंक करून, म्हणजे डेटा डिस्कवर उतरवायला लावून, त्याचं उत्तर तपासायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

पुढे नोकरीत खरोखरच एक पूल भरला. एक्सएफएसवरचे प्रोग्राम जागच्या जागी अडकले. मी सरांना फोन केला. "रिबूट करू नकोस, आधी पूलला जागा दे," एवढंच ते म्हणाले. लिनक्सचा थिन पूल भरला की एरवी ६० सेकंद लेखन रांगेत धरून ठेवतो, मग एरर देतो. एक्सएफएस मात्र मेटाडेटा लिहायचा प्रयत्न सोडतच नाही. तिच्या या हट्टाचा मला राग येत होता. जागा मिळताच ती मुकाट्यानं चालू लागली. साठ सेकंदांनंतर नाकारला गेलेला डेटा मात्र गेलाच, तो बॅकअपमधून आणावा लागला. (कर्नल ४.७ पासून हा हट्ट किती चालू द्यायचा ते ठरवता येतं. ईएक्सटी-४ एवढी चिवट नाही. जर्नल लिहिता आलं नाही की ती फक्त वाचण्यापुरती उरते.)

पूल आपोआप वाढण्याची एलव्हीएममधली मर्यादा मुळात १०० टक्के, म्हणजे वाढ बंदच असते. सरांनी ती ७० करायला लावली, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये खरी मोकळी जागा राखायला लावली, आणि फाइली पुसल्यावर ती जागा पूलला परत देणारं एफएसट्रिम चालवायलाही. नव्या मुलांना मी एलव्हीएसमधला पूलच्या मेटाडेटाचा रकाना आधी वाचायला सांगते. तो भरला तर नुसती जागा देऊन भागत नाही, पूल बंद करून दुरुस्त करावा लागतो. हेही सरांनीच शिकवलेलं.