खंय चललात?

पुण्यासारख्या शहरात पंचवीस वर्षे काढलेल्या मनुष्याला एक कला उत्तम साधलेली असते. ती म्हणजे जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याकडे पाहून, त्याच्याशी एक शब्दही न बोलता, अगत्याने हसणे. मजलाही ती अवगत होती. आमच्या वरच्या मजल्यावरील गृहस्थ निवर्तल्याचे मला चौथ्या दिवशी वर्तमानपत्रातून समजले, आणि त्याचे फारसे वैषम्यही वाटले नाही. दुसऱ्याच्या आयुष्यात न डोकावणे हेच सुसंस्कृतपणाचे लक्षण, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ही समजूत आणि ऐंशी वर्षांची आई बरोबर घेऊन मी २०१९ च्या जून महिन्यात मालवणच्या धुरीवाड्यात राहावयास आलो. घर कौलारू, पुढे खळे, भोवती माड आणि चिऱ्यांचा बुटका गडगा. त्या गडग्याला एके ठिकाणी खिंडार होते आणि त्यातून शेजारच्या काकींची आमच्या खळ्यात जाण्यायेण्याची वाट. पहिल्याच सकाळी मी कॉलेजात निघालो, तो काकींनी त्या खिंडारात उभे राहून विचारले, "खंय चललात, मास्तरांनू?"

प्राध्यापकपदाचा असा एका शब्दात निकाल लागलेला पाहून मनाला थोडे लागलेच. पण त्याहून अधिक लागला तो प्रश्न. हातात छत्री, खांद्यावर पुस्तकांची पिशवी, वेळ सकाळी दहाची. असा मनुष्य कोठे चालला आहे हे का विचारावे लागते? पुढे प्रश्न वाढतच गेले. आई कोणत्या खोलीत निजते, रात्री किती वेळा उठते, तिच्या गोळ्या कोठे ठेवता, काहीच सुटेना. अखेर दुसऱ्या वर्षी मी गवंडी बोलावून ते खिंडार बुजवून टाकले. दोन शेजारी आपल्यामधली भिंत पुनः पुनः दुरुस्त करतात, त्यावरची रॉबर्ट फ्रॉस्टची कविता मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो होतो. परंतु गवंड्याला पैसे देताना ती काही आठवली नाही. काकी त्याविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी गडग्यावरून मान उंचावून त्यांनी विचारले, "खंय चललात?"

१६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. वारा असा सुटला, की माड जमिनीला टेकतात की काय असे वाटावे. वीज गेली, फोन मुके झाले. एक माड आमच्या घराच्या मागील बाजूवर कोसळला. कौले फुटली आणि पावसाचे पाणी सरळ आत येऊ लागले. मी पुढील दार धरून उभा होतो. काय करावे ते सुचेना. इतक्यात काकी आणि वाडीतले दोन तरुण गडगा ओलांडून आले. "आई खंय आसा?" असे मात्र कोणी विचारले नाही. काकी अंधारात नीट आईच्या खाटेपाशी गेल्या, फडताळातून गोळ्यांचा डबा त्यांनी न चाचपडता काढला, आणि त्या तरुणांनी आईला खाटेसकट उचलून कोरड्या खोलीत आणून ठेवले. ती सारी रात्र काकी तिच्या उशाशी बसून होत्या. दोन वर्षे ज्या चौकशांना मी कंटाळलो होतो, त्यांतली एकही त्या रात्री वाया गेली नाही.

तिसऱ्या दिवशी मला कळले, की काकींचा धाकटा मुलगा ट्रॉलरवर खलाशी होता. ती नौका देवगड बंदरात आश्रयास गेली होती. त्याच बंदरात वादळात नौका बुडून खलाशी दगावले होते. आपला मुलगा सुखरूप आहे हे काकींना अद्याप ठाऊक नव्हते; आणि हे न बोलता ती माउली माझ्या आईचे पाय चेपीत बसली होती. चौथ्या दिवशी तो परतला. त्याला पाहून मला आनंद झाला खरा. पण त्याचे नाव काय, हे मला आईला विचारावे लागले!

तेव्हापासून मी हे गाव निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. सिंधुदुर्ग किल्ल्यात आजही थोडी वस्ती आहे. तेथील माणूस बाजाराला आला, तर तो परतला की नाही हे होडीवाल्याला ठाऊक असावे लागते. चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. कोण आला नाही, हे कोणी न मोजता समजते. ज्या गावाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जात आली, त्या गावात कोण कोठे गेला आहे हे किनाऱ्यावर कोणाला तरी माहीत असणे हा चोंबडेपणा कसा म्हणावा? मी ज्याला आगाऊपणा समजत होतो, ती या गावाची हजेरी होती. तीत माझे नाव पहिल्याच दिवशी लिहिले गेले होते, आणि मी मात्र कोणाचेच नाव लिहून ठेवले नव्हते.

पावसाळा सरल्यावर मी गडग्याचे ते चिरे काढविले. गवंडी तोच होता. हसला, पण बोलला नाही.

परवा सकाळी काकी खिंडारातून लगबगीने जात होत्या. मी धीर करून विचारले, "खंय चललात, काकी?" त्या थांबल्या, डोक्यावरची टोपली खाली ठेवली, आणि मग नातीच्या बारशापासून बांगड्याच्या भावापर्यंत सारी गजाल मला ऐकविली. त्या दिवशी वर्गावर जावयास मला वीस मिनिटे उशीर झाला.