थाळीखालची घरघर

काकांचा रेकॉर्ड प्लेअर ओतूरच्या जुन्या घरात माळ्यावर पडून होता. माडीवर आणून ठेवला, पुसला आणि ‘अभंग तुकयाचे’ लावली. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतुरातच, त्यामुळे ही तबकडी घरात पहिल्यापासून. पण लताबाईंच्या आधी ऐकू आली ती घर्रर्र, आणि तिच्यात ठरावीक वेळाने ठप्... ठप्.

थाळी उचलली. मोटारीचा बारीक दांडा एका रबरी चाकाला टेकलेला, आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला. मोटार मिनिटाला साधारण दीड हजार फेरे मारते, थाळीला हवेत फक्त 33⅓. मला वाटलं होतं, वेग उतरवायचं काम चाकाचं. तसं नाही, ते दांड्याच्या आणि थाळीच्या घेरावर ठरतं, चाक केवढंही असो. चाक नुसता जोर पोचवतं, आणि जोराबरोबर मोटारीची थरथरही. त्यात आमचं चाक कित्येक वर्षं दांड्याला दाबलेलंच राहून एका जागी चेपलं होतं. ठप् तिथलं.

चाक बदललं. ठप् गेलं, घरघर राहिली.

आमचे गिरणीवाले हसले. “मोटार जात्याला चिकटवून बसवली तर घर हादरंल की! मधी पट्टा पाहिजे.”

पुण्याच्या जुन्या बाजारातून पट्ट्याचा प्लेअर आणला. रबरी पट्टा लवचीक, मोटारीची बरीचशी थरथर तोच पचवतो. वरची जड थाळी एकदा फिरू लागली की बारीकसारीक हिसक्यांना दाद देत नाही. (टेक्निक्सवाल्यांनी 1970 मध्ये पट्टाही काढून टाकला. मोटारच थाळीच्या वेगाने फिरवली. इतक्या संथ मोटारीची थरथरही इतक्या खालच्या पट्टीतली, की कानाला जाणवत नाही. पण ती यंत्रं आपल्या खिशाबाहेरची.)

आता आवाज स्वच्छ आला. तरी मधूनच कुठून तरी घुमल्यासारखं व्हायचं. पुन्हा पट्ट्यावर संशय, पुन्हा बेअरिंगला तेल. शेवटी एका रात्री मोटार बंद केली, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली आणि आवाज वाढवला. काही फिरत नव्हतं, तरी स्पीकर घुमला. कल्याण-नगर रस्त्यावरून कांद्याचा ट्रक चालला होता.

माडीची जमीन लाकडी. ट्रकचा हादरा भिंतीतून तक्त्यांत, तिथून टेबलात, टेबलातून सुईत. सुईला काय, खाच हलली काय आणि अख्खं घर हललं काय, सारखंच! इतके दिवस मी बिचाऱ्या मोटारीला शिव्या घालत होतो.

शहाबादी फरशीचा तुकडा घेतला, खाली पुतण्याच्या सायकलची ट्यूब, हवा जेमतेम. ठासून भरली तर ती दगडासारखीच होते, हादरा वर चढतो. हे मी आधी ठासून भरून पाहिलं. फरशीवर प्लेअर ठेवला आणि परत थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली.

ट्रक आला. फडताळातले पेले किणकिणले. स्पीकर गप्प.