दारावरचा पोलीस आणि फोनमधला नकाशा

न्यू जर्सीत घर घ्यायला निघालेली मराठी जोडपी हल्ली तीन गोष्टी आधी बघतात. शाळा कशी आहे, न्यूयॉर्कच्या गाडीचं स्टेशन किती लांब आहे आणि त्या घराच्या आसपास कुणी शिक्षा झालेला लैंगिक गुन्हेगार राहतो का. तिसरी गोष्ट बघायला दोन मिनिटं पुरतात. राज्य पोलिसांच्या साइटवर काउंटी, गाव किंवा झिप कोड घालायचा, की माणसं समोर येतात. फोटो, वय, उंची, पत्ता, गाडी, गुन्हा कोणता आणि शिक्षा केव्हा झाली. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाचं किंवा मुलगा कॉलेजला जाणार त्या राज्याचं बघायचं असेल, तर केंद्र सरकारची एनएसओपीडब्ल्यू ही साइट आहे. तिचं स्वतःचं दप्तर नाही. ती राज्याराज्यांच्या नोंदवह्या एका झटक्यात धुंडाळून देते.

मी या राज्यात आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. ओक ट्री रोडवर भारतीय दुकानं नुकती वाढू लागली होती आणि मराठी माणूस दिसला की गाडी थांबवून आडनाव विचारायचे दिवस होते. मुलं उन्हाळ्यात अंधार पडेपर्यंत सायकली फिरवायची. गल्लीत कोण राहतं हे कळायचं ते बसस्टॉपवर. शाळेची पिवळी बस यायच्या आधी आम्ही सगळ्या आया दहा मिनिटं तिथे उभ्या असायचो. कोपऱ्यावरच्या घरात नवीन कोण आलंय, कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाचा मुलगा रात्री-बेरात्री गाडी काढतो, सगळं त्या दहा मिनिटांत. माझ्या सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर यायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण संध्याकाळी पायरीवर बसून त्यांनी सगळ्या गल्लीची माणसं ओळखीची करून ठेवली होती.

पण कुणाच्या भूतकाळात काय आहे, हे त्या बसस्टॉपला माहीत असायचं कारण नव्हतं. 29 जुलै 1994 ला आमच्यापासून तासाभराच्याही आतल्या अंतरावर, हॅमिल्टन टाउनशिपमध्ये, मेगन कांका नावाची सात वर्षांची मुलगी समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून बोलावली आणि अत्याचार करून मारली. त्याला अशाच गुन्ह्यांसाठी आधी दोनदा शिक्षा झालेली होती. त्या घरात अशी शिक्षा भोगलेले तिघे जण एकत्र राहत होते. मेगनच्या आईवडलांचं म्हणणं एवढंच होतं की आम्हाला माहीत असतं, तर मुलीला त्या दाराशी जाऊ दिलं नसतं. ते वाक्य आमच्या प्रत्येकीच्या पोटात गेलं. लाखोंच्या संख्येने सह्या झाल्या. तीन महिन्यांनी, 31 ऑक्टोबर 1994 ला, गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी मेगन्स लॉवर सही केली. 1996 च्या मे महिन्यात क्लिंटन यांनी तोच धडा देशभर लागू केला.

आता नव्या मुलांना खरं वाटत नाही, पण सुरुवातीची सात-आठ वर्षं हा कायदा साइटवर नव्हताच. तो चालत दारावर यायचा.

शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाने गावच्या पोलिसांकडे नाव नोंदवायचं, घर बदललं की कळवायचं आणि ठरावीक मुदतीने पत्त्याची खातरजमा करून घ्यायची. मग काउंटीचा सरकारी वकील एका तक्त्यावर त्याची जोखीम मोजायचा. गुन्ह्यात बळ वापरलं होतं का, बळी किती, वय काय, ओळखीचा की अनोळखी, सुटल्यावर उपचार घेतोय का, नोकरी आहे का. त्यावरून तीन टायर, म्हणजे जोखमीचे वर्ग. पहिला टायर म्हणजे फक्त पोलिसांना माहिती. दुसरा म्हणजे शाळा, पाळणाघरं आणि नोंदणी केलेल्या संस्थांनाही. तिसरा टायर म्हणजे ज्यांची त्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता आहे, त्या घरांनासुद्धा. 1995 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण त्या माणसाला आधी न्यायाधीशापुढे आपलं म्हणणं मांडायचा हक्क दिला. आजही टायर असेच ठरतात.

आमच्या दारावर असा सूचनेचा कागद 2001 च्या वसंतात आला. संध्याकाळी पोळ्या चालू होत्या. गणवेशातला अधिकारी उभा. त्याने आधी ओळखपत्र दाखवलं, घरात लहान मुलं आहेत का विचारलं आणि मग पाकिटातून दोन पानं काढली. पहिल्या पानावर वर फोटो, खाली वर्णन, राहतो कुठे, काम कुठे करतो, गाडीचा नंबर. दुसऱ्या पानावर नियम. ही माहिती घरातल्यांना आणि मुलं सांभाळणाऱ्यांना सांगा, पण घराबाहेर वाटू नका. त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना त्रास दिलात तर तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. खाली माझी सही. सही घेऊनही तो गेला नाही. मी विचारलं, मुलांना काय सांगू? तो म्हणाला, फोटो दाखवा, पण भीती घालू नका; कुणीही, अगदी ओळखीच्यानेही, आईबाबांना सांगू नकोस म्हटलं की लगेच येऊन सांगायचं, हे शिकवा. मग पुढच्या दारावर गेला. तिथेही तो तसाच थांबलेला मला खिडकीतून दिसला.

त्याच्या आधीच्या नोव्हेंबरातच मतदारांनी घटनादुरुस्ती करून ही माहिती इंटरनेटवर टाकायला मान्यता दिली होती. 2002 च्या सुरुवातीला साइट आली. तिसऱ्या टायरचे सगळे आणि दुसऱ्यातले बरेच त्यावर आले. पहिल्या टायरचे बहुतेक आजही दिसत नाहीत. शोधायची सोय झाली हे चांगलंच झालं. राज्य बदलताना, आजीआजोबांकडे नातवंडं पाठवताना, उन्हाळी शिबिर निवडताना आज कुठलाही पालक स्वतः बघू शकतो. कुणाच्या दयेवर राहावं लागत नाही. घराच्या करारात मेगन्स लॉचा एक परिच्छेद असतो. त्याचा अर्थ असा की एजंटला ही माहिती मिळण्याचा हक्क नाही आणि तो ती मिळवून देऊ शकत नाही, व्यवहार पुरा झाल्यावर काउंटीच्या सरकारी वकिलाला विचारा. हा परिच्छेद लोक वाचतच नाहीत. त्यांनी घर बघायच्या आदल्या रात्रीच फोनवर शोधलेलं असतं.

आणि तिथेच मला ते दारावरचे दिवस आठवतात. नकाशावर ठिपका दिसला की बाई घाबरते आणि दिसला नाही की निर्धास्त होते. दोन्ही वेळेला तिला विचारायला समोर कुणी नसतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने मनात भरलेलं घर सोडलं, कारण मैलभरावर एक नोंद दिसली. ती कुठल्या गुन्ह्याची, किती वर्षांपूर्वीची, हे त्यांनी उघडून पाहिलंही नव्हतं. अमेरिकेत प्रत्येक राज्याची नोंदवही वेगळी, निकष वेगळे. काही राज्यं गुन्हा कोणता एवढ्यावरून वर्ग लावतात, न्यू जर्सी माणसाची जोखीम मोजतं. हे फरक ठिपक्यात दिसत नाहीत. पहिल्या टायरचा माणूस शेजारी असला तर नकाशा बहुधा कोराच राहतो. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, तो तर कुठल्याच वहीत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. मुलांवर अत्याचार करणारे बहुतेक जण ओळखीचे, घरात वावरणारे, नात्यातले असतात. हे अमेरिकेतही खरं आहे आणि महाराष्ट्रातही. 2008 मध्ये न्यू जर्सीच्याच तुरुंग खात्याच्या संशोधकांनी मेगन्स लॉच्या आधीचे आणि नंतरचे गुन्हेगार तपासले, तेव्हा कायद्यामुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं असं त्यांना दिसलं नाही. मिनेसोटात 1989 मध्ये ज्यांचा अकरा वर्षांचा मुलगा पळवला गेला आणि ज्यांच्या झगड्यातून नोंदणीचा पहिला केंद्रीय कायदा आला, त्या पॅटी वेटरलिंग यांनीही पुढे बोलून दाखवलं की या याद्या फार फुगत चालल्या आहेत. त्या आईने असं म्हणावं याला वजन आहे.

माझ्या लहानपणी ठाण्याच्या चाळीत अशी कुठली वही नव्हती, पण कुजबुज होती. मागच्या जिन्याच्या एका खोलीकडे चाळीतल्या बायका आम्हा मुलींना एकटं जाऊ द्यायच्या नाहीत. का, ते कुणी सांगायचं नाही. बायकांनी आपसांत पहारा ठेवला होता आणि त्याने आम्ही वाचलो, हे मी मानते. पण त्या मौनाने त्या खोलीतला माणूसही वाचला. पोलिसांत कुणी गेलं नाही, मुलगी आणि तिचं घर बदनाम होईल म्हणून. त्या काळाच्या आठवणीने माझा जीव हळवा होतो, पण ते मौन परत यावं असं मला मुळीच वाटत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि लोक रुळांवर उतरले, तेव्हा कल्याणहून भाचीचा फोन आला. मावशी, तुमच्यासारखं आम्हाला इथे शोधता येतं का? नाही येत. भारतातही नोंदवही आहे. 20 सप्टेंबर 2018 ला केंद्रीय गृह खात्याने ती सुरू केली, तेव्हाच तिच्यात 4 लाख 40 हजारांच्या आसपास नोंदी होत्या. पण ती फक्त पोलिसांना आणि तपास यंत्रणांना बघता येते. मी तिला सांगितलं, तू शाळेला विचार. सफाईला, बसवर, शिकवणीला ठेवलेल्या माणसांची पोलीस पडताळणी केली आहे का, हे लेखी माग. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 पासून आहे; गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर तोही त्यात गुन्हा आहे. हे मुख्याध्यापकांना माहीत असलंच पाहिजे.

परदेशातल्या वाचकांनो, साइट जरूर बघा. शाळा बदलताना, घर बदलताना, वर्षातून एकदा तरी. नोंद उघडून पूर्ण वाचा, शंका असेल तर गावच्या पोलीस ठाण्यात जाऊन समोर विचारा; ते उत्तर देतात. आणि त्याच दिवशी मुलाला जवळ घेऊन सांगा की काका असो, सर असोत, कुणीही असो, गुपित ठेव म्हणाला तर ते पहिलं आपल्याला सांगायचं, आणि सांगितल्यावर आपण रागावणार नाही.