कागदावर आजारी

१/१५
आजचे सूत्र एका पाटीपासून सुरू करतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात मद्यालयाच्या दारावर ‘परमिट रूम’ हे शब्द आपण लहानपणापासून वाचत आलो. त्यांचा अर्थ मात्र फारसा कोणी विचारत नाही. परमिट कोणाचे? दुकानदाराचे की पिणाऱ्याचे? उत्तर आहे: पिणाऱ्याचे. ज्याच्याकडे मद्य पिण्याचा सरकारी परवाना आहे, त्यानेच बसायची ती खोली. या पाटीमागे मुंबई राज्याच्या इतिहासातला एक विलक्षण अध्याय आहे, आणि त्यातली काही पाने माझ्या घरातली आहेत.

२/१५
निमित्त गेल्या वर्षीचे. एका मित्राच्या निरोपासाठी आम्ही सहा जण पुण्यातल्या एका पबमध्ये गेलो. दारावरच्या माणसाने ओळखपत्र मागितले. मी आधार कार्ड पुढे केले. त्याने जन्मतारखेकडे पाहिलेसुद्धा नाही. कार्डावरचा क्यूआर कोड एका टॅबलेटसमोर धरला, मग कार्डाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतले आणि मोबाइल क्रमांक विचारला. मी म्हणालो, “वय अठ्ठावीस आहे, दिसतंय ना कार्डावर. मग फोटो कशाला?” तो शांतपणे म्हणाला, “सिस्टीम आहे सर. सगळ्यांचंच घेतो.” मागे रांग खोळंबली होती. मित्र हसत होते. मी क्रमांक सांगितला आणि आत गेलो.

३/१५
आत बसल्यावर मात्र मला आजीची ट्रंक आठवत राहिली. तिच्या तळाशी, जुन्या पत्रिका आणि पावत्यांच्या खाली, आजोबांची एक पातळ पुस्तिका होती. मी कॉलेजात असताना ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते रेशन कार्ड असावे असे मला वाटले. आजीने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, “यांना काही झालेलं नव्हतं रे. कागदावर तेवढे आजारी.” या वाक्याचा अर्थ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

४/१५
१९३७ च्या निवडणुकांनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. दारूबंदी हा काँग्रेसचा जुना संकल्प होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात तो अमलात आला. त्याची धुरा होती मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी, आणि मद्य व ताडीच्या व्यवसायात ज्यांची मोठी गुंतवणूक होती त्या पारशी समाजातूनच त्यांना तीव्र विरोध झाला. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले, काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो प्रयोग अर्धवट राहिला.

५/१५
स्वातंत्र्यानंतर तोच संकल्प अधिक कठोर रूपात परतला. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाचा आधार होताच. मद्य बनवणे, विकणे, बाळगणे, पिणे हे सारे गुन्हे ठरले. मात्र कायद्याने काही अपवाद ठेवले होते, आणि त्या अपवादांचे नाव होते परवाना.

६/१५
हे परवाने वाचण्यासारखे आहेत. परदेशी नागरिकासाठी एक, पाहुण्या प्रवाशासाठी दुसरा. घरात कोणाला अचानक बरे वाटेनासे झाले तर थोडी ब्रँडी हाताशी असावी म्हणून कुटुंबप्रमुखाला मिळणारा आणीबाणीचा परवाना तिसरा. सामान्य भारतीय माणसासाठी मुख्य वाट होती ती आरोग्य परवान्याची. मद्य न मिळाल्यास आपल्या प्रकृतीवर गंभीर आणि कायमचा परिणाम होईल, असे वैद्यकीय दाखल्यासह सरकारला पटवून द्यायचे. म्हणजे संध्याकाळचा एक पेला कायदेशीर करायचा, तर माणसाने आधी स्वतःला कागदावर रोगी ठरवून घ्यायचे.

७/१५
माझे आजोबा गिरणीच्या कचेरीत कारकून होते. महिन्यातून दोन-तीनदा, पगाराच्या आठवड्यात, थोडी घेत. त्या काळी मुंबईत गुत्ते आणि ‘आंटी’चे अड्डे यांची वाण नव्हती. आडगल्लीतल्या एखाद्या घरात, पुढच्या खोलीत येशूची तसबीर आणि मागच्या खोलीत हातभट्टीचा पेला, असा तो कारभार चाले. आजोबांना मात्र पोलिसांच्या धाडीची धास्ती होती. नोकरदार माणूस, नाव छापून आले तर काय? म्हणून त्यांनी सरळ मार्ग धरला. १९५७ साली अर्ज केला, डॉक्टरचा दाखला जोडला आणि परवाना काढला. पुस्तिकेवर नाव, वय, पत्ता, व्यवसाय; आतल्या पानांवर प्रत्येक खरेदीची तारीख, प्रमाण आणि दुकानदाराचा शिक्का.

८/१५
याच कायद्याला मुंबईच्या एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले होते. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर यांच्या जोडीने औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनसुद्धा बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क त्यांनी मांडला. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरील बंदी घटनाबाह्य ठरली, इतरही काही तरतुदी गळल्या; पण कायद्याचा गाभा टिकला. पिण्याचा हक्क आहे का, यावर न्यायालयात खल झाला. पिणाऱ्यांची जी यादी सरकारदफ्तरी तयार होत होती, तिची काळजी कोणी घ्यायची, हा प्रश्न मात्र त्या वेळी कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

९/१५
आता त्या पुस्तिकेची दुसरी बाजू. आजोबांची धाकटी बहीण, माझी आत्याआजी, हिचे लग्न १९५८ मध्ये जवळपास ठरले होते. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आणि अचानक मुलाकडच्यांचा निरोप आला, योग नाही. पुढे कळले ते असे: परवान्याची कागदपत्रे जिथून फिरत, त्या कचेरीत मुलाच्या नात्यातले कोणी होते. त्यांनी नोंदवहीत आजोबांचे नाव वाचले. घरी बोलता बोलता सांगितले, “मुलीचा भाऊ दारूच्या आजाराचा आहे, सरकारी दाखलाच आहे.” त्यात खोटे काहीच नव्हते. तसे कागदावर लिहिलेलेच होते. गुत्त्यावर जाणाऱ्या शेजाऱ्याचे नाव कुठेच नव्हते; नियम पाळणाऱ्या माणसाचे मात्र सहीशिक्क्यासह होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

१०/१५
आत्याआजीचे पुढे दुसरीकडे लग्न झाले, संसार चांगला झाला. तिच्या बोलण्यात कधी कडवटपणा आला नाही. आजोबांनी मात्र परवान्याचे नूतनीकरण केले नाही आणि मद्यही सोडले. “लोकांना वाटलं परवान्याने त्यांची दारू सुटली,” आजी म्हणायची, “त्यांचं बोलणंच सुटलं होतं बहिणीशी. तोंड दाखवायला लाज वाटायची.” आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. हे सारे मला आजीकडूनच कळले.

११/१५
दारूबंदीची पकड १९६० च्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना सैल झाली. परवाने सुलभ होत गेले. पण कायदा रद्द झालेला नाही. २०१२ मध्ये त्याच्या नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, इतकेच. आजही परवान्याविना पिणे तत्त्वतः गुन्हाच. एक दिवसाचा, एक वर्षाचा, आजीवन असे परवाने आहेत. बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५. मी स्वतः मात्र एक दिवसाचा परवाना कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. जुना कागद असा अदृश्य झाला आणि त्याच्या जागी दारावरचा टॅबलेट आला.

१२/१५
दारवानाची बाजूही मांडली पाहिजे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण जिवांचा अंत झाला. चालक अल्पवयीन होता, आणि त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून मद्यालयांवर कारवाई झाली. तेव्हा दारावर वय तपासलेच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. पण तपासणे आणि साठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वय तपासायला एक तारीख आणि एक चेहरा पुरतो. आधारच्या क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि छायाचित्रही असते. त्याच्या जोडीला मी आलो ती वेळ ठेवली, तर आजोबांच्या पुस्तिकेतले पान तयार झाले. फरक एवढाच की ती पुस्तिका आजोबांच्या ट्रंकेत तरी होती. माझे पान कुठे आहे, ते मला ठाऊक नाही.

१३/१५
दोन महिन्यांनी माझ्या वाढदिवशी सकाळी पहिला संदेश आला तो त्या पबचा. शुभेच्छा आणि एका पेयावर सवलत. वयाची खातरजमा म्हणून घेतलेली तारीख आता जाहिरातीच्या कामी आली होती. मी लिहून विचारले, माझी माहिती पुसाल का? उत्तर आले, यंत्रणा बाहेरच्या कंपनीची आहे, त्यांना कळवतो. त्यानंतर काहीही आले नाही. हे प्रकरण आत्याआजीच्या मोडलेल्या लग्नापुढे क्षुल्लक आहे, हे मी जाणतो. पण त्या नोंदवहीचीही सुरुवात अशीच निरुपद्रवी झाली होती. नोंद धोकादायक ठरते ती लिहिताना नव्हे. ती वाचणारा बदलतो तेव्हा.

१४/१५
कायदा या प्रश्नापर्यंत उशिरा पोहोचला. १९५४ आणि १९६२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले नव्हते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मानला. २०१८ मध्ये, खाजगी कंपन्यांना केवळ कराराच्या बळावर आधार-पडताळणी करू देणारी तरतूद रद्द झाली. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने, हॉटेले आणि चित्रपटगृहे यांना आधारच्या प्रती घेण्याचा अधिकार नाही, असे पत्रक काढले. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतले गेले. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदेचा स्वतंत्र कायदा संमत झाला. इतरत्रही हा प्रश्न आहेच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने १ जुलै २०१७ पासून ठरावीक भागांत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मद्यालयांना ओळखपत्र स्कॅन करणे सक्तीचे केले. तिथे निदान हेतू सांगितला आहे (प्रवेशबंदी असलेल्यांना अडवणे) आणि नोंद ठेवण्याची मुदतही ठरली आहे, ३० दिवस. आपल्या दारावर विचारायचे प्रश्नही हेच: कशासाठी घेता, कोण पाहतो, कधी पुसता?

१५/१५
आता मी आधारची ‘मास्क्ड’ प्रत वापरतो, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दारावर ती दाखवतो, हातात देत नाही. कधी चालते, एकदा परत फिरावे लागले, तेव्हा समोरच्या टपरीवर चहा घेतला. मित्र हसतात, त्यांना हसू द्यावे.

दरवेळी या सूत्रांना मी मूळ कागदाचे छायाचित्र जोडतो, आणि आजही तुम्ही ते मागाल. आजोबांची पुस्तिका माझ्या समोर टेबलावर आहे. नाव झाकून पान टाकता आले असते. पण तारखा, शिक्के, दुकानाचा भाग हे सारे जोडून कोणीतरी ओळखेलच. आपण इतिहासाचे विद्यार्थी हेच तर करतो. म्हणून या सूत्राला चित्र नाही. तुमच्या घरी असा परवाना सापडला तर त्याची गोष्ट खाली अवश्य सांगा, परवाना मात्र ट्रंकेतच राहू द्या.